कुस्कोत ‘हाय’ला ‘आय’ म्हणतात

परत आल्यापासून भेटेल तो मला एकच विचारतो, माचू पिच्चू कसं आहे? मी सांगते, श्रावणातल्या माथेरानसारखं. लोकांना वाटतं बाई चेष्टा करतायत. पण खरंच सांगते, आम्ही दोघी भल्या पहाटे उठून, आधी रेल्वे, मग बस असं करत त्या जगप्रसिद्ध डोंगरावर पोचलो, तर समोर नुसतं पांढरं धुकं. दगडाची एक पायरी दिसायची, तिच्यावर पाय ठेवला की पुढची. फोटोत आम्ही दोघी, मागे वाळत घातलेल्या चादरीसारखं काहीतरी पांढरं आणि वंदीच्या डोक्यावर जावयाने घेऊन दिलेली लोकरीची कानटोपी, एवढंच आलंय. खाली उतरून गाडीत बसलो आणि लख्ख ऊन पडलं.

तेव्हा ज्यांना माचू पिच्चू वाचायचंय त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं. मी लिहिणार आहे ते पेरू देशातल्या कुस्को नावाच्या डोंगरी शहराबद्दल, आणि खरं सांगायचं तर वंदीबद्दल.

वंदी म्हणजे वंदना, माझी बिगरीपासूनची मैत्रीण. आम्ही दोघी कर्जतजवळच्या कडावच्या. मी लग्न होऊन डोंबिवलीला गेले, सरकारी कचेरीत टायपिंग केलं, निवृत्त झाले. वंदीचं माहेर आणि सासर दोन्ही कडावच. ती वरच्या आळीतून खालच्या आळीत आली, एवढाच तिचा प्रवास. ‘हाय-नाय’चं ‘आहे-नाही’ करायला मला डोंबिवलीत पहिली दोन वर्षं लागली. शेजारणी हसायच्या म्हणून मी जीभ घासूनपुसून घेतली. वंदीला त्याची कधी गरजच पडली नाही. आमचं कडावचं घर भावाने केव्हाच विकलं. त्यामुळे माझ्यासाठी कडाव म्हणजे वंदीची पडवी, तिच्या तीन म्हशी आणि तिच्या भातशेताचा बांध, जिथे आम्ही दर थंडीत पोपटी लावायचो.

पोपटी आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक असते, पण बाहेरच्यांसाठी सांगते. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, वर पुन्हा पाला कोंबायचा. मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा नि लाकडं पेटवायची. पाण्याचा थेंब नाही. वास सुटला की मडकं उघडायचं. वंदीच्या पोपटीत एक रिवाज जास्तीचा होता. एका वर्षी तिची मुलगी मनी, तेव्हा एवढीशी, पेंढ्याच्या ढिगामागे झोपून गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही. ती डोळे चोळत उठून आली तोवर मडक्यात पाला उरला होता. पोरीने जो गळा काढला, तो आम्हाला सगळ्यांना आजही ऐकू येतो. त्या वर्षापासून मडकं उघडण्याआधी वंदी हातात काठी घेऊन उभी राहते आणि मोठ्याने विचारते, “हाय काय समदी?” मग प्रत्येकाने आपल्या तोंडाने “हाय” म्हणायचं. म्हटल्याशिवाय मडक्याला हात लावायचा नाही.

ती मनी पुढे हॉटेलचं शिकली. खालापूरच्या बाजूला एका रिसॉर्टवर लागली, तिथून मोठ्या जहाजावर गेली आणि जहाजाच्या भटारखान्यात तिला रिकार्दो भेटला. तो कुस्कोचा. लग्न करून दोघं त्याच्या गावी गेली आणि चार खोल्यांचं पाहुणेघर चालवू लागली. त्यांना एक मुलगी आहे, किल्या. त्यांच्या जुन्या डोंगरी भाषेत किल्या म्हणजे चंद्र. वंदीला काही ते जमेना, ती पहिल्यापासून नातीला ‘किल्ली’ म्हणते.

वंदीचे यजमान गेले आणि मनी फोनवर मागे लागली, की आये, आता ये, कायमची ये. तिला पुन्हा दिवस गेले होते. वंदी म्हणाली, येऊन बघते, मग ठरवू. पण एकटीने एवढ्या लांब जायची तिची हिंमत नव्हती, म्हणून सोबतीला मी. सगळ्यांना वाटलं, शालूमावशी मैत्रिणीला पोचवायला निघाली. मी निघाले होते तिला परत आणायला. हे मी कुणापाशी बोलले नाही, पण मनात पक्कं होतं. वंदी तिकडे राहिली तर मला कडावला जायला कुणाचं दार उरणार होतं?

तीन विमानं बदलून आम्ही पोचलो, त्याची रडकथा सांगत नाही. एक मात्र सांगते. वंदीने नातीसाठी म्हणून बॅगेच्या तळाला कडवे वाल घेतले होते. मी बजावलं होतं की नको. लिमाच्या विमानतळावर गणवेशातल्या एका बाईने बॅग उघडली, वालाची पुरचुंडी नाकाशी नेली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. वंदी तिला मराठीत समजावत होती की हे विष नाही, याचं बिरडं होतं, भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे. बाई मान हलवत ऐकून घेत होती, पण वाल काही परत मिळाले नाहीत. पुढच्या विमानात वंदीने पट्टा लावला. मग म्हणाली, “सोलून आणले असते तर दिले असते तिनं.”

कुस्को फार उंचावर आहे. माथेरानवर माथेरान अशी चार रचली की कुस्को येतं. उतरलो आणि माझं डोकं धरलं. पायऱ्या चढताना छातीत भाता चालू, जेवण समोर आलं की मळमळ. दोन दिवस मी पांघरुणात पडून कोकाच्या पानांचा चहा पीत होते. चवीला तो वाळलेलं गवत उकळल्यासारखा लागतो, पण गुण येतो. आणि वंदी? ती पहिल्याच सकाळी उठून मनीच्या अंगणात झाडू मारत होती. म्हणाली, “तुमची डोंबिवलीची हवा पिऊन छाती नाजूक झाली तुजी.” आयुष्यभर मी तिला जग दाखवायच्या गोष्टी केल्या आणि जगात आल्यावर अंथरूण मी धरलं. तिने ते तोंडावर बोलून दाखवायची एकही संधी सोडली नाही.

तिसऱ्या दिवशी मी उभी राहिले आणि आम्ही दोघी बाजारात गेलो. मनीला पाहुणे होते, तिने रस्ता सांगितला. सान पेद्रोचा तो बाजार म्हणजे एक भलीमोठी पत्र्याची शेड. एका बाजूला बटाट्यांचे ढीग, जांभळे, लाल, काळे, वाकडेतिकडे, एकाला एक सारखा नाही. एका बाजूला मक्याचे दाणे, आपल्या दाताच्या दुप्पट. मध्ये बाकांवर बसून लोक सकाळीच वाफाळतं सूप पितात. बायका घेरदार परकर नेसून, डोक्यावर उभट हॅट घालून आणि पाठीला रंगीत चादरीत मूल बांधून भाजी विकतात. बसायची पद्धत अगदी आपल्यासारखी, मांडी घालून, तराजू पुढ्यात.

वंदीला नारळ हवा होता. विहिणीला भेटायला जायचं होतं आणि ओटी नारळाशिवाय कशी भरायची? एका मध्यम वयाच्या दुकानदारासमोर तिने दोन्ही हातांनी नारळाचा आकार केला, फोडायची खूण केली, पाणी प्यायची खूण केली. माणसाला कळलं. त्याने मान हलवली आणि अगदी मायेने म्हणाला, “नो आय, मामिता.”

वंदीचा चेहरा उतरला. तिने माझा हात धरला. “शालू, आय नाय बिचाऱ्याला,” ती म्हणाली. आणि मी काही म्हणायच्या आत तिने दुकानाच्या फळीवरून वाकून त्या बाप्याच्या गालावरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले होते. तो गोंधळला, मग हसला, मग त्याने एक संत्रं काढून तिच्या हातात ठेवलं. त्याला काय वाटलं देव जाणे. आम्ही पुढच्या दुकानात गेलो. वंदीने पुन्हा नारळाची खूण केली. तिथली बाई म्हणाली, “नो आय.” तिसरीकडे गेलो, तिथेही तेच. वंदी रस्त्यातच थांबली. “गावात साथ आली होती काय गं? समद्यांचीच आय गेली?”

मला काय ते तेव्हा कळत नव्हतं, म्हणून मीही हळहळले. घरी आल्यावर मनीला सांगितलं तर ती भिंतीला टेकून हसायला लागली. पोट धरून खाली बसली. मग तिने समजावलं. स्पॅनिशमध्ये ‘आय’ म्हणजे आहे. लिहिताना त्याच्या आधी ‘ह’ असतो, पण बोलताना गिळतात. ‘नो आय’ म्हणजे नाही. नारळ नाही, एवढंच तो माणूस सांगत होता. आणि मामिता म्हणजे आई नव्हे, बायकांना मायेने म्हणायचा शब्द, आपण कुठल्याही बाईला मावशी म्हणतो तसा.

वंदीने थोडा विचार केला. “म्हंजे हाय,” ती म्हणाली. “आपलाच हाय की. नुसता ह खाल्लाय. आमी ‘आमी’ म्हणतो, ‘तुमी’ म्हणतो, तेवाही ह खातोच.”

त्या दिवसापासून वंदीला पेरू देश सोपा झाला. मी मोबाईलवर शब्द शोधून, जुळवून, तालीम करून दुकानात शिरायची आणि दुकानदार माझ्याकडे बघत राहायचा. वंदी शिरायची, बोट दाखवायची आणि विचारायची, “आय?” तो म्हणायचा, “आय.” खरेदी संपली. दूधवाली आली की किल्या पळत यायची, “आय लेचे?” लेचे म्हणजे दूध. वंदी आतून ओरडायची, “हाय हाय!” आजी-नातीचा सगळा संसार त्या एका शब्दावर चालला होता. ज्या शब्दाची लाज वाटून मी तो डोंबिवलीच्या गटारात टाकला, तो शब्द इथे राजासारखा फिरत होता. मला हसू येत होतं, आणि राग पण.

मग आम्ही शहर बघितलं. मोठा चौक, त्याच्या कडेला दोन प्रचंड चर्च, वर निळंशार आभाळ, इतकं जवळ की हात लावावा. जून महिना होता. इकडे कडावला चिखलणी चालू असणार आणि तिकडे कडकडीत थंडी, कोरडं ऊन. गल्ल्यांमधून जुन्या राजांच्या काळातल्या दगडी भिंती आहेत. दगडाला दगड असा बसवलाय की मध्ये सुई जात नाही, आणि चुना नाही, काही नाही. एका दगडाला बारा कोपरे आहेत, तो बघायला लोक जगभरातून येतात. वंदीने बारा कोपरे बोटाने मोजले. म्हणाली, आपल्या कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्याला शाळेची सहल गेली होती, तिथं मास्तरांनी खांब मोजायला लावले होते, आणि आपण खांब सोडून डबा उघडला होता. तिला डब्यात काय होतं तेही आठवत होतं. मला नव्हतं आठवत. ती म्हणाली, सुकट-भाकरी माझी, आणि तुझी पोळी न् साखरांबा, आणि तू माझं खाल्लंस.

तेव्हा चौकात उत्सव होता. शहरातल्या निरनिराळ्या देवळांतले संत आणि देवीच्या मूर्ती, झगमगीत कपडे घातलेल्या, माणसांच्या खांद्यावरून वाजतगाजत मोठ्या चर्चमध्ये मुक्कामाला येतात. पुढे बँड, मागे नाच. वाहणारी माणसं घामाने डबडबलेली, एकमेकांना ओरडून सांगत, सांभाळ, डावीकडे घे. वंदी एकदम सरसावली. आमच्या गावच्या पालखीत वाटच्या घरची बाई भोयांच्या पायावर पाणी घालते. तिच्या हातात पिण्याच्या पाण्याची बाटली होती. मी ‘अगं अगं’ करेपर्यंत तिने एका वाहकाच्या बुटावर पाणी ओतलंसुद्धा. त्या गारठ्यात त्या माणसाने खाली बघितलं, वर बघितलं, आणि खांद्यावर अख्खी देवी असल्यामुळे काही बोलू शकला नाही. आमच्याबरोबर आलेल्या रिकार्दोने पुढे होऊन त्याला काहीतरी सांगितलं. माणसाने वंदीकडे बघून मान लववली. मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, काय सांगितलंस? रिकार्दो म्हणाला, सांगितलं की ही माझी सासू आहे. बाकी त्याला कळलं.

रिकार्दोबद्दल माझा काही आक्षेप नव्हता, हीच तर पंचाईत होती. दारू नाही, आवाज चढवणं नाही, बायकोला उठून चहा करून देणारा. त्याच्यात एखादी खोड असती तर मला सोपं गेलं असतं.

एका संध्याकाळी आम्ही तिघी स्वयंपाकघरात होतो. वंदी बाजारातून तिथले कडू दाणे घेऊन आली होती. तर्वी म्हणतात त्याला. कडूपणा जायला दिवसेंदिवस पाण्यात ठेवावे लागतात. आपल्या कडव्या वालांची लांबची बहीणच. ती ते सोलत होती आणि किल्या शेजारी बसून सालं खाऊन बघत होती. मनी चुलीपाशी उभी होती, पोट दिसायला लागलं होतं. पाठमोरीच म्हणाली, “आये, ऱ्हा ना हितं. आता तिकडं कोन हाय तुजा?”

मी समोर बसले होते. पाटावर, हातात तिचेच दाणे घेऊन. मनीने ते माझ्यावर म्हटलं नव्हतं, तिच्या ध्यानातही आलं नसेल. पण मला लागलं. वंदीने माझ्याकडे बघितलं आणि मनीला म्हणाली, “म्हशी हायेत.” मला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही.

चिंचेरो नावाच्या गावाला रिकार्दोची आई राहते, दोन्या हुलिया. दोन्या म्हणजे बाई, मानाने म्हणतात. कुस्कोहून तासाभराचा रस्ता, वर पठारावर. पठारावर तपकिरी शेतं, मध्ये मातीच्या विटांची घरं, आणि पलीकडे बर्फाचे डोंगर रांगेत उभे. बटाट्याची काढणी चालू होती.

विहिणींची भेट बघण्यासारखी झाली. वंदीने नऊवारी आणली होती. नारळ शेवटपर्यंत मिळाला नव्हता, तेव्हा ओटीत तांदूळ, मक्याचं कणीस आणि नारळाएवढं नाही तरी जमेल तेवढं मोठं हिरवं अवोकाडो. दोन्या हुलियाने आपला परकर पसरून ओटी घेतली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिने आपणहून पसरला. मग तिने आतून विणलेली चादर आणली, वंदीच्या पाठीवर टाकली आणि पुढे गाठ मारली. स्वयंपाकघरात जमिनीवर गिनीपिग पळत होते, आपल्याकडे कोंबडीची पिल्लं फिरतात तसे, आणि त्यांचंही पुढे तेच होतं. मी खाल्ला नाही. वंदीने खाल्ला. म्हणाली, “सशासारखा लागतो,” आणि ससा कधी खाल्लास विचारलं तर हसली.

दुपारी शेतात जेवण होतं. रिकार्दो आणि त्याच्या आईने मातीची मोठाली ढेकळं एकावर एक रचून घुमट केला, एवढासा, खाली तोंड ठेवून. आत काटक्या पेटवल्या. ढेकळं तापून काळी-लाल झाली. मग विस्तव बाजूला ओढून आत बटाटे टाकले, शेतातल्या घेवड्यासारख्या जाड शेंगा टाकल्या, आणि वरून तो सगळा घुमट काठीने कोसळवून माती ओढून घेतली. त्याला वातिया म्हणतात. जेवण जमिनीच्या पोटात गेलं आणि वर नुसता मातीचा ढीग राहिला, मधूनमधून धूर येणारा.

वंदीने माझं मनगट धरलं. शेतात, शेंगा आणि बटाटे, मातीत, पाण्याचा थेंब न घालता. धुराचा वाससुद्धा तोच. कडावच्या बांधावरची थंडी मला एकदम अंगावर आली. वंदीचे यजमान गोवऱ्या सारख्या करतायत, पलीकडे कर्जतच्या डोंगरावर दिवे लागलेत, कुणीतरी मीठ विसरलंय म्हणून घराकडे पळतंय, ते सगळं.

दोन्या हुलियाने मक्याच्या आंबट पेयाचा पेला भरला. पिण्याआधी थोडं जमिनीवर ओतलं. पाचामामासाठी, मनीने सांगितलं. पाचामामा म्हणजे धरणीमाता. मग ती ढीग उकरायला काठी घेऊन उठली. वंदीला काय झालं कोण जाणे, तीही उठली. विहिणीच्या हातातली काठी तिने काढून घेतली, कंबर ताठ केली आणि बर्फाच्या डोंगरांकडे तोंड करून ओरडली, “हाय काय समदी?”

सगळे बघत राहिले. मी म्हणाले, “हाय.” तोंडातून आपोआप गेलं, ‘आहे’ आठवलंच नाही. रिकार्दोला वाटलं काही विचारलंय, तो म्हणाला, “आय.” किल्या नाचत म्हणाली, “आय, आय!” मनी काही म्हणेना. वंदी काठी धरून थांबली. मनीने पदर नव्हता म्हणून ओढणीने तोंड झाकलं आणि आतूनच म्हणाली, “हाय गं आये.”

मग ढीग उकरला. गरम बटाट्यांची सालं बोटांनी काढत, हिरव्या ठेच्यात बुडवून आम्ही खाल्ले. ठेच्याला झेंडूच्या पाल्यासारखा वास होता, वंदी म्हणाली भांबुर्डा नाय पण चालंल. खाताखाता मी मनीकरवी दोन्या हुलियाला विचारलं. सरळ प्रश्न नव्हता तो, डाव होता. मी विचारलं, मुलगा तासाभरावर राहतो, घर मोठं आहे, मग तुम्ही एकट्या इथे का? त्यांच्याकडे का जात नाही?

दोन्या हुलियाने तोंडातला घास संपवला. मग जमिनीवर थापटी मारली आणि म्हणाली, “अकी आय.”

“काय म्हणली?” वंदीने विचारलं.

“इथं आहे, असं म्हणाली,” मनीने सांगितलं. “म्हंजे हितंच समदा हाय.”

“हितं आय हाय,” वंदी म्हणाली.

“आये, तसं नाय गं.”

“तेच ते,” वंदी म्हणाली आणि ढेकळाकडे बघत राहिली.

मी त्या रात्री छान झोपले. मला वाटलं, जिंकले. जे मी सांगू शकत नव्हते ते विहिणीने एका थापटीत सांगून टाकलं. म्हातारीने आपली माती सोडायची नसते. वंदी आता परत येणार. मी मनातल्या मनात थंडीतल्या पोपटीला कोणाकोणाला बोलवायचं तेसुद्धा ठरवलं.

परतीच्या आधी दोन दिवस आम्ही चढावरच्या एका जुन्या वस्तीत फिरायला गेलो. तिथून अख्खं शहर दिसतं, लाल कौलांचं. कौलं अगदी आपल्यासारखी. भिंतीच्या कट्ट्यावर बसलो. मी म्हटलं, वंदे, तुझी बॅग उद्या भरायला घेऊ, लोकरीचं सामान वर ठेवू. ती म्हणाली, “शालू, माजी नको भरू.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग मी भांडले. म्हणाले, परवा तर तू स्वतः म्हणालीस, आई इथे आहे, ही जमीन तिची, तुझी जमीन तिकडे आहे, म्हशी तिकडे आहेत. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “विहीणबाईनं भुईवर हात मारला तवा तू भुई बघितलीस. मी मनीचा तोंड बघितला.”

तिने चादरीची गाठ सारखी केली.

“समद्यांची आय हाय तितं,” ती म्हणाली. “रिकार्दोची हाय, किल्लीची हाय. मनीची नाय. पोर पेंढ्याच्या मागं निजली ती अजून कुनी उठवली नाय गं. दर वर्साला मी बांधावर हजेरी घेते आनि तीच ऱ्हाते.”

मी विचारलं, “आणि माझं काय?” हे विचारायला मला लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. वंदीने माझा हात आपल्या चादरीत घेतला. म्हणाली, नामाभावजींना सांगते, पोपटी तू लाव. नामाभावजी म्हणजे तिचा धाकटा दीर, म्हशी त्याच्याकडेच होत्या. मी म्हटलं मला लावता येत नाही. ती म्हणाली, बघत तर आलीस इतकी वर्षं. खाली कुठल्यातरी चर्चची घंटा वाजत होती. आम्ही दोघी रडलो, आणि तिथून जाणाऱ्या एका परदेशी जोडप्याला वाटलं आम्हाला उंचीचा त्रास होतोय. त्यांनी आम्हाला गोळी दिली. वंदीने ती घेतली, कमरेला खोवली, म्हणाली डोंबिवलीवालीला लागंल.

विमानात खिडकीची जागा मिळाली. शेजारची मोकळी होती. तिच्यावर मी दोन्या हुलियाने दिलेली चादर ठेवली होती, माझ्यासाठीही एक दिली होती तिने.

थंडी पडल्यावर मी कडावला गेले. नामाभाऊंच्या बायकोने मला पडवीत वंदीच्या जागेवर बसवलं. मडकं मी भरलं. पाला कमी पडला, कोंबडी एका बाजूने करपली. नामाभाऊ म्हणाले, “पयल्या बारीला चालतं, वयनी.” बांधावर त्यांचे नातेवाईक, शेजारीपाजारी, रसायनीच्या कारखान्यातून आलेला त्यांचा चुलत पुतण्या, सगळे जमले होते. दिवस नुकताच मावळला होता. कुस्कोला तेव्हा सकाळ होती. फोन लावला, पुतण्याने तो धरून ठेवला. पडद्यावर वंदी, डोक्यावर तीच कानटोपी, मांडीवर किल्या, आणि मागे पाळण्यात काहीतरी गुंडाळलेलं, नवीन. मनी त्याला झोका देत होती.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काठी घेतली. माझा आवाज तसा उठत नाही, पण मी उठवला. “हाय काय समदी?”

बांधावरून एकेकाचं “हाय” आलं. नामाभाऊ, त्यांची बायको, पुतण्या, शेजारच्या. मग फोनमधून किल्या ओरडली, “आय!” सगळे हसले. नामाभाऊ म्हणाले, ह खाल्ला पोरीनं. तिच्यामागून वंदीचं आलं, “हाय!” आणि पाळण्यापाशी उभ्या मनीचं, लांबून, स्पष्ट, “हाय!”

पोर उठली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच हजेरी पुरी भरली होती. मी काठी तशीच धरून उभी राहिले. फोनमधून वंदी म्हणाली, “शालू, आता तुजा ऱ्हायला. तू हायस काय?”

“हाय,” मी म्हटलं आणि मडकं उघडलं.